भागीरथाबाईची मोहाची टोपली

भागीरथाबाई फार मोठी विश्वासी बाई होती, असं आता आमची सगळी ख्रिस्ती मंडळी म्हणते. म्हणू द्या. मेलेल्या माणसाचे गुण गायला काही खर्च येत नाही. ती जिवंत असताना तिची टोपली मंदिराबाहेर कोणी काढली, ते मी पाहिलं आहे. आमच्या ख्रिस्तमंदिराची घंटा वाजवायचं काम माझं, त्यामुळे उपासनेच्या वेळी मी दारातच उभा असायचो.

आमचं गाव आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून. भागीरथाबाई विधवा. मूलबाळ नाही, शेत नाही. उन्हाळा लागला की पहाटे झाडाखाली जाऊन मोहाची फुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि वर्षभर त्यावर भागवायची. पावसाळ्यात शिजवलेला मोह आणि चिंचोके हेच आमच्या अर्ध्या गावाचं जेवण. दारूही मोहाचीच होते, हे खरं. पण तिनं कधी भट्टी लावली नाही.

ही मंडळी गावात उभी राहिली तीच तिच्या गोठ्यातून. गुणवंतराव तेव्हा येशूचा संदेश सांगत चांद्याहून पायी आलेला पोरसवदा सुवार्तिक होता. इथं येऊन हिवतापानं फणफणला. बाटलेला माणूस म्हणून त्याला कोणी ओसरीवरसुद्धा घेईना. भागीरथाबाईनं गाय बाहेर बांधली आणि त्याला गोठ्यात निजवलं. घरात धान नव्हतं, म्हणून मोह शिजवून, कुस्करून त्याला भरवला. ताप उतरल्यावर त्यानं पहिली प्रार्थना तिथंच केली. प्रभूसुद्धा गोठ्यातच जन्मला, हे तेव्हा तोच आम्हाला सांगायचा, आणि ते ऐकूनच आम्ही प्रभूकडे वळलो. पुढे विटांचं मंदिर झालं, गुणवंतरावचे पाळकसाहेब झाले, पायात बूट आले. बूट आले याचा मला राग नाही.

राग आहे तो चौपन्न सालच्या उपकारस्तुतीचा. धान निघाल्यावरचा हा आमचा सण. ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं काही आणून वेदीसमोरच्या मेजावर ठेवायचं, पाळकांनी त्यावर आशीर्वाद मागायचा, मग त्याचा लिलाव. दरवर्षी भागीरथाबाई मजुरीत मिळालेलं शेरभर धान आणायची. त्या वर्षी गुडघे धरले आणि तिला कापणीला जाता आलं नाही.

"मोह तं देल्ला ना देवानं मले," ती मला दारात म्हणाली. "त्यातलाच त्याले देते. रिकाम्या हातानं कशी जाऊ, लटारूभाऊ?"

निवडून, भाजून आणलेला मोह होता. टोपली नवी होती. तिनं ती कुणीतरी आणलेल्या भोपळ्याशेजारी मेजावर ठेवली आणि बाजूला उभी राहिली. आमच्या पंचांतले भैयाजी पुढे आले, वास घेतला आणि म्हणाले, "हे तं दारूचं सामान हाये."

त्या दिवशी चांद्याहून पाहुणे आले होते. पाळकसाहेबांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, हे बाहेर ठेवा. लोकांचा गैरसमज होतो."

"काऊन? तुमी खाल्ला हाये ना," ती म्हणाली. टोमणा मारायला नव्हे, खरंच कळेना म्हणून विचारलं.

पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकाची पानं उलटू लागले. भैयाजींनी टोपली उचलून पायरीवर नेऊन ठेवली. भागीरथाबाई मागोमाग गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले. ज्या घासावर जगला तो घासच अपवित्र ठरवणारा मी पहिल्यांदा पाहिला. आणि त्यानंतर या माणसानं उपदेश कशावर करावा? गरीब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन दमड्यांवर! आवाज भरून आला होता त्यांचा. पाहुण्यांनी डोळे पुसले. मला ते ऐकवेना, मी बाहेर गेलो.

भागीरथाबाई टोपलीजवळ बसून रडत होती. मी म्हटलं, "चला बाई, घरी पोचवून देतो."

"कशी नेऊ घरी? देवाले देल्लं ना मी. आत घेत नाईत, अन् घरी नेता येत नाई."

समोर झाडाखाली जंगलातल्या पाड्यांवरची माणसं उभी होती, बायका, लेकरं. दर सणाला येत, गाणी ऐकत, पण मेजावर ठेवायला काही नाही म्हणून आत येत नसत. भागीरथाबाईनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग टोपलीवर हात ठेवून डोळे मिटले.

"बापा, पाळक आत गुंतले हायेत. तूच आशीर्वाद दे."

आणि तिनं त्या माणसांना हाक मारली. "या, इथी या. देवाच्या घरचं हाये."

आत भोपळ्याचा लिलाव चालला होता, भैयाजी बोली वाढवत होते. बाहेर ती एकेकाच्या ओंजळीत मोह घालत होती. लेकरं खाऊन पुन्हा हात पुढे करत होती. मलाही तिनं दिला. मंडळीत इतकी वर्षं काढली, पण देव जवळ आहे असं मला त्या पायरीवरच वाटलं.

उपासना संपली. पाळकसाहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर आले. टोपलीत तळाला थोडा मोह उरला होता, तो तिनं मुठीत घेऊन त्यांच्यापुढे धरला. पाळकसाहेबांनी हात पुढे केला, मोह घेतला, पाहुण्यांकडे पाहिलं आणि मूठ कोटाच्या खिशात रिकामी केली. पायऱ्या उतरून चालू लागले.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊ. भूक लागली का खातील."

तिच्यापाशी एवढा धीर होता. माझ्यापाशी नाही, आणि या बाबतीत मला तो नकोही आहे.