साखळीतला हात

बोरीच्या कबड्डी स्पर्धेत डोळ्यांची डॉक्टर म्हणून मी दरवर्षी मैदानाच्या कडेला बसते आणि दरवर्षी घसा बसवून घरी येते. कुणाच्या डोळ्याला लागलं की माझ्याआधी सगळं गाव उपचाराला धावतं.

त्या वर्षी मुलींचा अंतिम सामना होता. राणीसावरगावची कर्णधार चढाईत पकडली गेली आणि कुणाचं तरी कोपर तिच्या डोळ्यावर बसलं. मी पोचेपर्यंत तिची मावशी दोरीखालून आत! पदराचा बोळा केला, त्यात तोंडाची वाफ भरली आणि ठेवला डोळ्यावर दाबून.

"दाबू नका!" मी खेकसले.

"अवं बाई, शेकायले नुस्ती. लय बरं वाटतंय त्यानं."

मावशीला बाजूला केलं. बॅटरीच्या उजेडात बुबुळाच्या आत, तळाशी, रक्ताची बारीक रेघ दिसली. अशा डोळ्याला पुन्हा धक्का बसला तर नजर कायमची जाऊ शकते.

पोरगी मात्र उठायच्या तयारीत. "दिसायलंय मला चांगलं. खेळू द्या की."

बरा डोळा झाकून मी बोटं धरली. "किती?"

"तीन."

"आता?"

"एक."

दोन्ही बरोबर. मार लागलेल्या डोळ्याला इतकं स्वच्छ कसं दिसतंय? मग लक्ष गेलं. संघातल्या पोरी बचावाला उभ्या राहतात तशा हात गुंफून तिच्या मागे उभ्या होत्या आणि कडेच्या मुलीच्या हातात तिचा हात होता. जितकी बोटं, तितके दाब! खेळताना तोंड न उघडता एकमेकींना खुणा करायची सवय, ती इथे कामाला लावली होती.

"सोड तिचा हात," मी म्हणाले. हात सुटला. मी पुन्हा बोटं धरली. पोरगी आकडा न सांगता रडायलाच लागली.

तिला मी बाहेर बसवलं. संघ हरला. त्या लबाड पोरींचा मला भयंकर राग आला होता आणि खरं सांगते, तेवढाच त्यांच्यावर जीवही जडला होता.

काही आठवड्यांनी ती परभणीला दवाखान्यात आली, अर्थातच अख्खा संघ घेऊन. सगळ्यांना दाराबाहेर काढलं. बऱ्या डोळ्यावर पट्टी लावली, "आता लबाडी नाही" म्हणत तिचे दोन्ही हात हातात धरले आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. ती वाचत गेली, अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत.

वाचून झाल्यावर म्हणाली, "डॉक्टरबाई, हात लय जोरात दाबायलाव तुमी."