बहिणीचं सर्टिफिकेट

फेब्रुवारी आला की आमच्या शाळेतल्या मास्तरांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची. इन्कम टॅक्स त्याच पगारातून कापायचे. ही नव्वदनंतरची गोष्ट, मी तेव्हा मंठ्याला हायस्कुलात होतो. आमचे क्लार्क राहायला आमच्याच गल्लीत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही उगंच टॅक्स भरून राह्यले. घरात मतिमंद बहीण सांभाळता न्हाई का? त्याची सूट मिळती. जालन्याहून डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, मंग मी बराबर लावतो."

आनंद व्हायच्या आधी मला राग आला. यांना कळलं कसं? पाहुणे आले की बहिणीला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायची, ही आमच्या घरची रीत. "झाकली मूठ सव्वा लाखाची," वडील म्हणायचे. ते गेल्यावर मूठ मी झाकली. तिला एक काम छान जमायचं, जेवणाची ताटं मांडणं. त्यात ती स्वतःचं ताट ठेवायची नाही. आम्हीही कधी ठेव म्हणालो नाही.

तरी सूट कुणाला नको असते? तिला नवी साडी नेसवून बसने जालन्याला नेलं. खिडकीतून दिसेल त्या माणसाला ती हात करत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. कागद करणाऱ्या बाईंनी रेशन कार्ड मागितलं, उलटून पालटून पाहिलं.

"यात यांचं नाव न्हाई."

"राह्यलं असंल," मी म्हणालो.

राहिलं नव्हतं. कार्ड काढताना अर्ज मीच भरला होता. माझं अक्षर अख्ख्या शाळेत सुंदर. बायकोचं, दोन पोरींचं आणि माझं अशी चार नावं लिहिली आणि पेनाला टोपण लावलं. पोरींची लग्नं व्हायची होती, अन् कार्ड काय, कुणाच्याही हाती पडतं.

बाई भल्या होत्या. "ही तुमची सख्खी बहीण आहे असा गावाकडचा दाखला आणा. पुढच्या बुधवारी काम होऊन जाईल," म्हणाल्या. पण सोयरीक जुळवणारे चौकशी करतात ती गावातच. त्याच महिन्यात परतूरचे पाहुणे थोरलीला बघून गेले होते. मी दाखल्याला गेलो नाही. क्लार्कना म्हणालो, "जाऊ द्या, फार कटकट आहे." टॅक्स कापला गेला. परतूरचा होकार आला. लग्नात बहीण जाफराबादला मावशीकडे होती. तिथं रोज ताटं मांडायची, असं मावशी म्हणाली. मला लाज वाटली, पण ती मी कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या वर्षी बहीण तापाने गेली. मृत्यूची नोंद करायला गेलो तेव्हा ग्रामसेवकाने फॉर्म पुढे सरकवला. "सर, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं."

मी तिचं पूर्ण नाव लिहिलं. आमच्या घरातून ते कागदावर गेलं ते पहिल्यांदाच. नात्यापुढे लिहिलं, सख्खी बहीण. त्याचा दाखला कुणी मागितला नाही.