पुलाची नाकं

सखाराम पाथरवट पुलावरून जाण्याआधी पुलाखाली जायचा. जहागीरदारांच्या बंगल्याच्या वाटेवर, ओढ्यावरचा तो जुना दगडी पूल. दोन्ही अंगांच्या भिंतींत ओळीने भोकं ठेवलेली, आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला. सखाराम त्यांना नाकं म्हणायचा. सळई घालून एकेक साफ करायचा आणि सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं की मुळासकट उपटून त्याला शिव्या घालायचा. "पूल आमच्या पणज्यानं बांदलाय. तुज्या बाचा हाय व्हय रं?"

मी जहागिरीच्या कचेरीत कारकून होतो. लढाईची वर्षं होती. धनीसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि त्या दीडशहाण्या कारभाऱ्याच्या डोळ्यांत पुलाचे ओघळ खुपू लागले. पाहुणे काय म्हणतील? भोकं बुजवा! सिमेंट औषधालाही मिळत नव्हतं, या गृहस्थाने कुठून तरी पोती पैदा केली.

सखाराम कचेरीच्या पायरीवर येऊन ओरडला, "आवं कारभारी, नाक दाबलं की तोंड उघडतंय! पावसात भित्ताड फुटंल. मी न्हाई हात लावनार."

कारभाऱ्याने त्याला हाकलला आणि दुसऱ्या गवंड्याकडून भोकं लिंपून घेतली. सखाराम म्हणत होता ते खरं आहे, हे मला कळत होतं. मी टाक बुडवत मुकाट बसलो.

आषाढात वरच्या अंगाची भिंत फुगली आणि कोसळली. एक बैलगाडी ओढ्यात गेली. बैल मेले, गाडीवानाचा पाय कायमचा अधू झाला. कारभारी म्हणाला, "लिहा, पाथरवटाच्या हयगयीमुळे." आणि मी लिहिलं! त्या माणसाचा मला आजही संताप येतो, पण स्वतःचा जास्त येतो.

कागदावर अंगठा घ्यायला सखारामला बोलावलं. त्याला वाचता येत नव्हतं. "वाचा, भाऊसाब," तो म्हणाला. मी वाचलं. त्याने हात मागे घेतला.

"त्येला काय कळतंय? तुमाला कळत हुतं. लय वंगाळ केलंसा."

तो तडक पुलाखाली गेला. खालच्या अंगाची भिंत अजून उभी होती. भर पावसात, कुणी न सांगता, छिन्नीने सिमेंट फोडून त्याने तिची सगळी नाकं मोकळी केली.

त्याच वर्षी तो पलूसला लेकीकडे गेला आणि तिथेच वारला. त्याने मोकळी केलेली भिंत अजून उभी आहे. तो कागदही दप्तरात आहे. त्यावर अंगठा नाही. अक्षर माझं आहे.