चाळीस पैशांसाठी मुदखेड

वाचवलेल्या कमिशनवर पोटच्या पोरापेक्षा जास्त माया करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान होतं. म्हणजे शेतकऱ्यानं सोयाबीन आणायचं, व्यापाऱ्यानं ते घ्यायचं आणि दोघांची गाठ घालून दिल्याबद्दल मधे बसलेल्या आमच्या साडूंनी आपला वाटा कापून घ्यायचा. जन्मभर त्यांनी या वाट्यावर घर चालवलं, मुलाला इंजिनिअर केलं. पण हाच वाटा दुसरं कोणी त्यांच्याकडून कापू लागलं की त्यांचा जीव कासावीस होतो. विजेचं बिल मोबाइलवरून भरताना 'सुविधा शुल्क' असे शब्द दिसले, की ते मोबाइल खिशात घालतात आणि भर उन्हात बिल भरायच्या खिडकीकडे चालू लागतात. "घरबसल्या पैसे त्याला भेटले, सोय त्याची झाली, आन् शुल्क म्या कामून द्यावं?" समजावायला गेलो तर ते मलाच सल्ल्याची फी किती म्हणून विचारतील.

माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का, गेल्या तेव्हा मात्र हा माणूस एकदम गप्प झाला. दुकान पुतण्याकडे दिलं. दिवसभर ओसरीवर बसायचे, जेवलात का विचारलं तर आठवावं लागायचं. बेंगळुरूच्या मुलानं काळजीपोटी त्यांच्या नावावर थोडी क्रिप्टो नाणी घेऊन दिली. ही नाणी हातात येत नाहीत, मोबाइलमध्येच असतात, आणि एका जातीचं नाणं देऊन दुसऱ्या जातीचं घेता येतं. बाबा भाव बघत बसतील, तेवढाच विरंगुळा, असा त्याचा हिशेब होता. बाबांनी भावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं की अदलाबदल करून देणारी कंपनी थोडं कापते, मग नाणं पोचवणाऱ्या नेटवर्कची फी म्हणून थोडं कापलं जातं आणि देण्याघेण्याच्या दरातल्या फरकात आणखी थोडं जातं. एका सौद्यात तीन आडती. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला, तेव्हा कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. मला फार बरं वाटलं.

मग त्यांनी अभ्यास केला. चार छोट्या सौद्यांपेक्षा एक मोठा करावा. नाण्याला मधे तिसऱ्या नाण्यात नेऊ नये, सरळ न्यावं. आणि मुख्य म्हणजे नेटवर्कवर गर्दी नसताना, फी उतरलेली असताना जावं. ती वेळ म्हणजे अमेरिका झोपलेली असते तेव्हा, आपल्याकडची दुपार. त्यातही रविवार उत्तम. आता आपल्याकडे रविवारच्या दुपारी काय असतं, तर लग्नं. लातूरला माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे उजव्या हातानं अक्षता टाकत होते आणि डाव्या हातातल्या मोबाइलवर फी उतरताना बघत होते. भटजींनी 'सावधान' म्हटलं की मांडवात खऱ्या अर्थानं सावध असलेला माणूस हा एकच. सौदा केला का, असं पंगतीत विचारलं, तर म्हणाले, "आजून उतरंल. अमेरिका निवांत झोपू द्या."

कितीही उतरली तरी फी शून्य काही होईना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की कंपनीच नको. बियाण्याला गिऱ्हाईक शोधावं तसा त्यांनी मोंढ्यातून निरोप फिरवला: आपल्याकडे हे नाणं हाय, ते नाणं कुणाकडं हाय का. हमाल, दलाल, ट्रकवाले असं करत करत निरोप मुदखेडला एका निवृत्त रेल्वे बुकिंग क्लार्कपर्यंत पोचला. त्या गृहस्थांनाही जावयानं नाणी दिली होती, त्यांचीही बायको गेलेली, आणि फी म्हटलं की तेही हात आखडता घेत. दोघांच्या नाण्यांची किल्ली, चोरी नको म्हणून, मोबाइलमधून काढून पेनड्राइव्हएवढ्या डब्यांमध्ये ठेवलेली; डबी ज्याची, नाणी त्याची. मग काय, मुदखेडच्या फलाटावर बसायचं, तुझी डबी मला, माझी डबी तुला. इंटरनेट नाही, कंपनी नाही, फी नाही. मधल्या काळात भाव इकडेतिकडे झालेला असायचा. त्यामुळे वर कोणी किती पैसे द्यायचे, ते ठरायचं रुमालाखाली.

रुमालाची रीत मोंढ्यातून आता उठली आहे. सौदा करणाऱ्या दोघांनी कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची आणि चारचौघांत तोंडातून शब्द न काढता भाव ठरवायचा. मुदखेडकरांचे वडील धान्याचे व्यापारी, त्यामुळे ही बोटांची भाषा त्यांना येत होती. साक्षीदार म्हणून नांदेडहून मला नेलेलं असायचं. दोघांच्या हातांवर उपरणं पडलं की ते असं उसळायचं, की खाली दोन मांजरं भांडत असावीत. एकदा रेल्वे पोलीस येऊन उभा राहिला. "काय करून राहिले आजोबा?" साडू शांतपणे म्हणाले, "सौदा." "कशाचा?" "दिसत न्हाई अशा मालाचा." पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी वेळापत्रक वाचू लागलो.

पुढच्या महिन्यात दोघांचं मन पालटायचं आणि त्याच डब्या उलट दिशेनं जायच्या. समोरचा फसला, याची दोघांनाही दर वेळी खात्री असे. बसचं अर्धं तिकीट, रेल्वे, चहा, मुदखेडकरांसाठी पिशवीभर सीताफळं किंवा तूरडाळ, हे सगळं मिळून फीच्या कितीतरी वर जातं, हे मी एकदा मांडून दाखवलं. "तो खर्च हाय," साडू म्हणाले, "फी न्हाई." मुलगा तर हादरलाच. डबी हातात नसतानाही नाणी काढता येणारे बारा गुप्त शब्द आधीच्या मालकाला पाठ असणार, तो घरबसल्या सगळं काढून घेईल, असं त्यानं समजावलं. साडूंनी ऐकून घेतलं. "रुमालात हात दिलेला माणूस हाय तो," एवढंच म्हणाले. आणि खरंच, दोघांपैकी कोणी कधी दमडी हलवली नाही.

या दिवाळीत मुलगा आला आणि त्यानं आनंदाची बातमी आणली. नवं नेटवर्क निघालंय, कंपनीनं आपला वाटा माफ केलाय, एका अदलाबदलीला सगळे मिळून चाळीस पैसे. "बाबा, आता मुदखेडला हेलपाटे नकोत." साडूंनी मान हलवली. सगळ्या हयातीची लढाई ते जिंकले होते, आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसले. महिना उलटला. बायकोनं स्पीकरवर फोन लावला, "दाजी, या की इकडं, मुदखेडला न्हाई गेलात ह्या बारीला?" पलीकडून आवाज आला, "कामच न्हाई राहिलं." अक्का गेल्यानंतरचा आवाज आम्ही दोघांनीही ओळखला होता. मला त्या नव्या नेटवर्कचा मनापासून राग आला.

आणि एका सकाळी दारात साडू उभे. हातात डाळीची पिशवी, खांद्यावर धुतलेलं उपरणं.

"मुदखेडला चाललो."

"फी तर संपली म्हणे," मी म्हणालो.

"संपली कुठं? चाळीस पैसे हायेत की." न्याहारीला पाटावर बसत त्यांनी भाकरी मोडली. "दोन्हीकडचे धरले तर ऐंशी. फुकाट कामून द्यायचे?"

बायकोनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी सोबत गेलो. मुदखेडकर फलाटावर नेहमीच्या बाकावर येऊन बसलेले होते. त्यांच्याही जावयानं त्यांना चाळीस पैशांची बातमी दिलेली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. डब्या बाकावर ठेवल्या गेल्या. साडूंनी उपरणं झटकून दोघांच्या हातांवर टाकलं. मी उसळी बघायला सरसावून बसलो. एक मालगाडी आली, निघून गेली. उपरणं काही हललं नाही. खाली दोघांनी एकमेकांचे हात नुसते धरून ठेवले होते. साक्षीदाराचं तिथं काही काम नव्हतं, म्हणून मी तीन चहा आणायला उठलो.