आवाज कसा पाठ करायचा?

मलकापुरात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर तिथं एकाच माणसाची गाणी चालतात. तो आटपाडीकडचा. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो. मी सातवीत असताना वडिलांनी त्याच्या कार्यक्रमाला नेलं आणि परतीच्या एसटीत मी त्याची दोन गाणी गुणगुणत होते. त्या गोष्टीला तीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी एका सकाळी गाणं लावलं, तर त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. मोबाईल उजव्या कानाला लावला, ठीक. डाव्या कानाला लावला, काहीच नाही.

नवरा फौजेतून निवृत्त झालेला. त्याला फोन केला.

"मळ असंल गं. तेल घाल."

"तेलानं नाही व्हायचं," मी ओरडले. तसा म्हणाला, "थांब, आलोच. सांगलीला जाऊ."

सांगलीत मला एका बंद खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डावीकडं काहीच येत नव्हतं, तरी मी घाबरून अंदाजानं दाबत राहिले.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आवाज सोडला नव्हता, तेव्हाही तुम्ही दाबलंत. खरं सांगा, म्हणजे औषध ठरवता येईल."

"दुसरा कानही जाईल?"

"बहुतेक नाही."

त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडाली. गोळ्या सुरू झाल्या, कानात इंजेक्शनं झाली. मी उजव्या कानानं त्याची सगळी गाणी पुन्हा पुन्हा ऐकत सुटले. शब्द तर केव्हाचे पाठ होते. पण आवाज कसा पाठ करायचा?

"कानाला जरा इसावा दे," नवरा म्हणायचा. मी ऐकत नसे.

महिन्यानं डावा कान निम्मा परत आला, पण त्यात सूर थोडा उतरलेला येतो. दोन्ही कानांनी ऐकलं की वाटतं, दोन माणसं बेसूर गातायत. म्हणून मी डाव्या कानात कापूस घालून ऐकते.

परवा भर दुपारी गाणं एकदम बारीक झालं. मी मशीन थांबवून उजव्या कानाशी चुटकी वाजवली. वळून पाहिलं, तर गिऱ्हाइकाशी बोलायला नवऱ्यानंच आवाज कमी केला होता.

"आधी सांगत जावा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच आवाज वाढवला. गिऱ्हाईक बिचारं ओरडून मापं सांगत राहिलं.