पोटाशी धरलेल्या कांड्या

मातुश ह्रुश्का तीस वर्षं श्टियाव्हनित्साच्या खाणीत सुरुंग भरत होता. आज्याने, बापाने काळी दारू ठासली. त्यानेही तरुणपणी तांब्याच्या सळईने तीच ठासली. तिचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. मग डायनामाइट आलं, आणि त्याचा स्वभाव कळायला माणसं मरावी लागली.

थंडीत डायनामाइटच्या कांड्या गोठत. त्या मऊ करायला दुहेरी पत्र्याचा डबा लागतो. बाहेर गरम पाणी, आत कांड्या. मुकादम कोलेनाती दर वर्षी म्हणे, "पुढच्या हिवाळ्यात देतो." म्हणून माणसं कांड्या सदऱ्याखाली पोटाशी धरून बसत. त्यांचं विष अंगात मुरे, कपाळ फुटायची वेळ येई. मातुशचा मेहुणा यांको त्या दुखण्याला विटला. त्याने कांड्या शेगडीच्या कडेला ठेवल्या.

स्फोटात यांको गेला. शेगडीचा तर तुकडाही सापडला नाही.

खाणकऱ्याची मयत निघाली की इथे मनोऱ्यात टांगलेली लाकडी फळी हातोड्याने वाजवतात. मुकादमाने ती अडवली. "स्वतःच्या हलगर्जीने मेला, त्याला कसला मान?" आणि कागद पुढे सरकवला: डबा होता, यांकोने वापरला नाही. खाली साक्षीला मातुशची सही हवी होती.

यांकोची बायको, मातुशची बहीण झुझाना म्हणाली, "दादा, फळी वाजली नाही तर त्याला चोरासारखा पुरू का मी?"

मातुश तासाभराने मुकादमाच्या कचेरीत आला आणि त्याने सदऱ्यातून दोन कांड्या काढून मेजावर ठेवल्या.

"सदरा वर करा, मुकादम."

"वेडा झालास का रे? उचल आधी त्या!" कोलेनाती भिंतीला चिकटला.

"का? आम्ही रोज बाळासारख्या कुशीत घेतो. तुमचं पोट तर आमच्यापेक्षा गुबगुबीत, लवकर ऊब येईल."

"मातुश, बायकापोरांचा विचार कर..."

"तोच करतोय. नाहीतर डबा आणा. आहे म्हणता ना? आणा की!"

कोपऱ्यात बसलेल्या कारकुनाने मान खाली घातली. डबा कुठून येणार? मातुशने टाक उचलला, मेजावरच्या कागदातल्या त्या ओळीवर काट मारली, 'डबा कधीच नव्हता' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. कांड्या मेजावरच सोडून तो कागद घेऊन निघाला.

मनोऱ्यावर म्हातारा गाश्पार फळीपाशी बसला होता. "मुकादमाचा हुकूम आहे का?"

"त्याच्याच कचेरीतला कागद आहे. वाच."

गाश्पारने सावकाश वाचलं. मग हातोडा उचलला.

खाली झुझानाने मान वर केली. ठोक, ठोक, ठोक. कांड्यांच्या विषाने प्रत्येक ठोक्याला मातुशचं कपाळ ठणकत होतं, पण तो दात आवळून उभा होता.