सात वर्षांची गाडी

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मला कुणी विचारलं नाही. सही मात्र माझी लागली. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर तेवढं कर्ज बसत नव्हतं, म्हणून माझी पगारपत्रकं मागवली गेली आणि शनिवारी दुपारी लॅबमधून थेट शोरूमला बोलावणं आलं.

मी कोपरखैरण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. नवरा तुर्भ्याच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतो. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारा माणूस, स्वतःच्या आकड्यांपाशी आला की आंधळा. घराचं कर्ज डोक्यावर होतंच. ऑफिस स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर. तरी त्याला ती उंच, रुंद, सात माणसांची गाडी हवी होती. आम्ही घरात माणसं चार.

"छोटी घेऊ ना," मी शोरूममध्ये हळूच म्हटलं. "तीन वर्षांत फिटून जाईल."

"छोटीत आबांचे गुडघे दुमडतील का?" नवरा म्हणाला.

आबा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडचं गाव सोडून तरुणपणी आले आणि उभा जन्म वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याची पोती वाहिली. त्यांच्या गुडघ्यांचं नाव घेतलं की या घरात सगळ्यांची तोंडं बंद होतात. माझंही झालं.

सेल्समनने हसत कागद पुढे सरकवला. "मॅडम, हप्ता बघा, व्याज कशाला बघता? सात वर्षं केली तर हप्ता एवढासा होतो. टेन्शनच नाही."

डाउन पेमेंट जवळजवळ नाहीच. विमा, टॅक्स, सीट कव्हर, सगळं कर्जात. मी सही केली. मग गाडीवरचं साटीनचं कापड ओढलं, हार घातला, केक कापला, फोटो काढला. फोटोत माझं तोंड आंबट आलंय म्हणून नवरा दोन दिवस कुरकुरत होता.

सोसायटीतली आमची पार्किंगची जागा दोन खांबांच्या मध्ये. गाडी तिथे शिरेना. मग ती बोनकोड्याच्या बाजूला रस्त्यावर उभी राहायची. रविवारी सकाळी नवरा आणि आबा तिला आंघोळ घालायला जायचे. आबा स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलने काच पुसायचे. गावाला गेलो की पुढच्या सीटवरून सावकाश उतरायचे आणि आजूबाजूला बघून म्हणायचे, "पोराची हाय. आपल्या पोराची." त्या क्षणी त्यांच्यावर रागावणं मला जमायचं नाही, आणि त्याचाही राग यायचा.

दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जायचा आणि मग उरलेल्या पैशांत घर बसवायचं काम माझं. मुलीचा स्विमिंगचा क्लास "पुढच्या वर्षी बघू" झाला. माझ्या दाढेचं रूट कॅनल मी लांबवत गेले. शेवटी दाढ काढावी लागली, ते स्वस्तात झालं. डिझेल वेगळं, सर्व्हिसिंग वेगळं. गाडी आठवड्यातले सहा दिवस धूळ खात उभी. मी भाजी घेऊन तिच्या शेजारून चालत यायची.

तिसरं वर्ष चालू होतं. एका रविवारी मासळी घ्यायला आम्ही तिघं मोरा बंदरावर निघालो. आबा घरीच होते. उरणच्या रस्त्यावर चहाला थांबलो. गाडी कडेला लावली, टपरीवर जाऊन बसलो. मागून कंटेनरचा ट्रेलर आला. ब्रेक लागला नाही म्हणे. त्याने आमची गाडी सरळ कंपाउंडच्या भिंतीत घातली. आवाज एवढा मोठा की मुलीच्या हातातला ग्लास खाली पडला. मी तिला घट्ट धरून नुसती उभी राहिले. आत कुणी नव्हतं. त्या दिवशी मी देवाला खरंच मनापासून हात जोडले.

राग आला तो नंतर, महिनाभराने.

विम्याच्या माणसाने टोटल लॉस म्हणून लिहून दिलं. विम्याचे पैसे आले ते सरळ बँकेकडे, कारण गाडी कागदोपत्री बँकेकडे गहाण. आणि ते सगळे घेऊनही कर्ज उरलं. माझ्या जवळपास वर्षभराच्या पगाराएवढं. गाडी भंगारात, हप्ता चालू.

मी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाई सभ्य होत्या. "मॅडम, लांब मुदतीत सुरुवातीला हप्त्यातलं बरंचसं व्याजात जातं. गाडीची किंमत मात्र भराभर उतरते. मधल्या काळात असं झालं की फरक तुमच्या अंगावर."

"हे सही घेताना का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी कागद पर्समध्ये कोंबले आणि उठले. आणखी बोलले असते तर तिथल्या कुणीतरी सिक्युरिटीला बोलावलं असतं.

पुढच्याच आठवड्यात नवरा म्हणाला, "चल, जरा शोरूमला जाऊन येऊ. फक्त बघायला." आबाही तयार होऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. तिथे तोच सेल्समन, तेच हसू. गाडी गेल्याचं ऐकून त्याने च्यक् च्यक् केलं आणि लगेच कॅल्क्युलेटर काढला. "काय आहे सर, जुनं राहिलेलं आपण पर्सनल लोनमध्ये टाकू. नवीन गाडी परत सात वर्षांवर. दोन्ही मिळून हप्ता थोडासाच वाढतो."

नवरा माझ्याकडे बघत होता. पेन त्याने आधीच हातात घेतलं होतं.

"माझी सही मिळणार नाही," मी म्हटलं.

"अगं, हळू बोल."

"का हळू? मेलेल्या गाडीचे हप्ते भरतोय आपण. त्यावर दुसरी? दाढ काढून घेतली मी, दाढ! आता काय काढून घेऊ?"

केक कापायला उभं असलेलं एक कुटुंब आमच्याकडे वळून बघायला लागलं. आबा पुढे आले. "सूनबाई, घरी बोलू. लोकं काय म्हनत्याल? हप्ता झेपना म्हून गाडी गेली, आसं म्हनत्याल."

"म्हणू देत, आबा. तुम्ही पाठीवरचं पोतं ठेवल्यावरच घरी यायचात ना? आमचं पोतं सात वर्षं उतरत नाही."

त्यांना एवढं तोंडावर मी कधी बोलले नव्हते. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. आम्ही बसने परत आलो, तिघं तीन वेगवेगळ्या सीटवर.

उरलेलं कर्ज आम्ही दीड वर्षात फेडलं. नवऱ्याचे दोन बोनस आणि माझी मोडलेली एफडी त्यात गेली. नवरा स्कूटरवर ऑफिसला जातो, पूर्वीसारखाच. गाडीचा विषय निघाला की उठून गॅलरीत जातो. मला कुणी "बरं झालं तू थांबवलंस" म्हणालेलं नाही.

कर्ज फिटायच्या आधीच एकदा गावी गेलो, एसटीने. शेजारचे काका ओट्यावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "गाडी अजून सर्विशिंगलाच हाय व्हय?" तेव्हा मला कळलं, आबा गावात काय सांगत होते. नवरा मला डोळ्यांनी दटावत होता.

"गाडी ट्रेलरखाली गेली, काका," मी म्हटलं. "आणि हप्ते अजून भरतोय."

आबा उठून आत गेले. काकांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "आमचं पोरगं मोठी बाईक म्हनतंय. शेतीला न्हाय, नुस्तं फिराया. पाच वर्साचं कर्ज." मी त्यांना सगळं नीट सांगितलं, व्याज, विमा, फरक. ते मान हलवत होते. मला वाटलं, एका घरात तरी पोचलं.

गेल्या महिन्यात काकांच्या पोराची ती बाईक आली. नारळ आबांनी गावी जाऊन फोडला. फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि त्याखाली सगळ्यात आधी अंगठा टाकला तो माझ्या नवऱ्याने. मी त्याला विचारलं, "कशाला?"

"अगं, आनंदाच्या वेळी तरी," तो म्हणाला.

मी फोन पालथा ठेवला आणि मुलीला घेऊन स्विमिंगच्या क्लासची चौकशी करायला निघाले. चालत.